एडिंबरा राहिलं, केझिकचा मुक्काम वाढला

मूळ बेत बुधवारी निघून शनिवारी परतायचा होता. लेक रेडिंगला असते. तिच्याकडे आलेल्या आईवडिलांनी जे बघायचं असतं ते लंडन, बाथ, स्टोनहेंज बघून झालं होतं. आता आम्हाला दोघांनाच कुठेतरी जायचं होतं. लेक-जावयाच्या रजा न घालवता आणि त्यांच्या गाडीत मागे न बसता. इंग्लंडच्या वायव्येचा तळ्यांचा आणि डोंगरांचा मुलूख, लेक डिस्ट्रिक्ट, ठरलं. "गाडी भाड्याने घ्या की बाबा, इथेही डावीकडूनच चालवतात," जावई म्हणाले. ह्यांनी मान हलवली आणि विषय माझ्याकडे ढकलला.

डावीकडून चालवायची सवय आहे, पण हौस नाही. तिथले डोंगरातले रस्ते जेमतेम एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना कोकणातल्यासारखे दगडी गडगे. समोरून कुणी आलं की एकाने मागे मागे जायचं. शिवाय जो चालवतो त्याला डोंगर दिसत नाही, पुढच्या गाडीचा नंबर दिसतो. आणि नोकरीभर मध्य रेल्वेच्या वेळापत्रकावर जगलेल्या बाईला तिथल्या चार बसचं वेळापत्रक काय जड जाणार?

बुधवार

लंडनच्या युस्टन स्टेशनवरून पेनरिथला, म्हणजे लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवरच्या गावाला, थेट गाडी आहे, साधारण तीन तासांची. जायचं तिकीट 'ॲडव्हान्स' प्रकारचं काढलं होतं. ते स्वस्त पडतं, पण ठरलेल्या गाडीलाच चालतं. परतीचं मात्र मुद्दाम काढलं नाही, यावरून लेकीने घरात बरीच कुरकुर केली. तिथे 'ऑफ-पीक रिटर्न' नावाचं आणखी एक तिकीट मिळतं. त्याची परतीची बाजू महिनाभर चालते. ज्यांची परतीची वाट नक्की आहे पण दिवस नक्की नाही, त्यांनी तेच घ्यावं. आमची वाटही नक्की नव्हती.

दोघांत मिळून एक 'टू टुगेदर' रेलकार्ड काढलं होतं. दोघं बरोबर असलं की तिकिटात एक तृतीयांश सूट. अट अशी, की सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. ३५ पौंडांचं कार्ड लांबच्या एकदोन प्रवासांत वसूल होतं. फोटो दोघांचे लागतात, आणि तपासनीस ते खरंच बघतो. माझ्याकडे दोनदा बघितलं.

लँकेस्टर मागे पडलं की उजव्या हाताला डोंगर जवळ येतात, आणि मग गाडी शॅपच्या चढाला लागते. पेनरिथला उतरलो तर स्टेशनच्या समोरच एक पडका किल्ला, लाल दगडाचा. तो बघून होईपर्यंत स्टेशनच्या दारातच बस आली. मुक्काम होता केझिक या तळ्याकाठच्या गावी, पण तिथे आगगाडी जात नाही. पूर्वी जायची, १८६५ साली लोक त्या गाडीत बसायला लागले आणि १९७२ साली पेनरिथ ते केझिक हा शेवटचा तुकडाही बंद झाला. आता एक्स-फोर आणि एक्स-फाइव्ह या बस ते काम करतात, पाऊण तासात. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ पासून बहुतेक बसना एका बाजूचं भाडं जास्तीत जास्त ३ पौंड आहे. त्याआधी दोन वर्षं ते २ पौंड होतं. पेनरिथ-केझिकला ३ पौंड आणि पुढच्या चौकातल्या स्टॉपपर्यंत त्याहून थोडं कमी, असा तो न्याय आहे. लांब जाणाऱ्याचा त्यात फायदा.

खोली माळ्यावरची. मालकीणबाईंनी जिना चढताना विचारलं, "गाडी कुठे लावलीत?" गाडी नाही म्हटल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की चहाबरोबर बिस्किटांची दुसरी पुडी ठेवून गेल्या. त्यांच्या गल्लीत पार्किंगवरून शेजाऱ्यांत बोलणं बंद आहे, हे नंतर कळलं.

जूनमध्ये इतक्या उत्तरेला रात्री दहापर्यंत उजेड असतो. जेवून डरवेंटवॉटर तळ्याच्या काठाने फ्रायर्स क्रॅगपर्यंत गेलो. गावापासून पंधरा-वीस मिनिटांची सपाट वाट, तळ्यात शिरलेलं एक खडकाळ टोक, आणि समोर बॉरोडेल खोऱ्याचं तोंड. मी बॅगेतून आणलेला तिखटमिठाचा सांजा संपवून आले होते, त्यामुळे डोंगरांकडे शांतपणे बघता आलं.

गुरुवार

पाऊस.

बॉरोडेलच्या शेवटी सीथवेट नावाची वाडी आहे. इंग्लंडमधलं वस्ती असलेलं सगळ्यात पावसाळी ठिकाण म्हणून तिची ख्याती. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मालकीणबाईंनी हे आम्हाला घाबरवायला सांगितलं असावं. ह्यांनी लगेच महाबळेश्वरचा पाच हजारांच्या वरचा आकडा सांगून त्यांना गप्प केलं. पण खरी गोम वेगळीच आहे. महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि मग आठ महिने तोंड दाखवत नाही. इथला बाराही महिने वाटून दिलेला असतो. म्हणजे कुठल्याही महिन्यात जा, तुमच्या वाट्याचा तुम्हाला मिळणारच. तीन दिवसांसाठी गेलात आणि त्यातले दोन पावसात गेले, तर तक्रार करायला जागा नाही.

म्हणून पेन्सिलचं संग्रहालय. ऐकायला हे बाळबोध वाटतं, पण मजा आली. याच बॉरोडेलमध्ये सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइटचा साठा सापडला. सुरुवातीला मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करायचे. मग कळलं की तोफगोळ्यांचे साचे आतून सारवायला याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि मेंढ्यांवर रेघोट्या ओढायची वस्तू एकदम सरकारी महत्त्वाची झाली. चोरी इतकी वाढली की १७५२ साली संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पेन्सिलचा धंदा त्या खाणीतून निघाला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी केलेल्या पेन्सिलीही तिथे आहेत: आत गुंडाळलेला नकाशा, रबराखाली इवलंसं होकायंत्र. आणि जवळजवळ आठ मीटर लांबीची एक पिवळी रंगीत पेन्सिल छताखाली टांगलेली. ह्यांनी तिच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला. नातवाच्या वयाची दोन मुलं मागे रांगेत थांबली होती.

दुपारी पाऊस थांबला नाही. कपडे वाळत घालायचे म्हणून रेडिएटर चाचपला तर गार. जूनमध्ये तो चालू करत नाहीत, बाहेर बारा अंश असले तरी. मुक्काम लांबवायचा विचार असेल तर कपड्यांचा प्रश्न आधी सोडवा. केझिकमध्ये पैसे टाकून कपडे धुवायची आणि वाळवायची सोय आहे. भर पावसात ती गावातली सगळ्यात उबदार जागा असते, आणि गप्पाही तिथेच मिळतात.

शुक्रवार

पाच-पंचावन्न नंबरची बस केझिकहून निघून ग्रासमिअर, अँबलसाइड, विंडरमिअर, केंडल करत पार लँकेस्टरला जाते. तिच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर तेवढं एकच तिकीट काढून परत आलात तरी चालेल. मात्र साडेनऊनंतर ती जागा मिळणं कठीण. इंग्लंडमधल्या ज्येष्ठांचा फुकट पास आठवड्याच्या दिवशी साडेनऊला सुरू होतो, आणि त्याच मिनिटाला पाठीवर पिशव्या लावलेल्या, हातात दोन दोन काठ्या घेतलेल्या आजी-आजोबांचा लोंढा स्टॉपवर येतो. सत्तरी-ऐंशीची माणसं जिना चढून वर बसतात. आम्ही खाली बसलो.

वाटेत रस्त्याच्या कडेने लांबच लांब थर्लमिअर. हे तळं दिसतं तसं नैसर्गिक नाही. मँचेस्टरने पाण्यासाठी इथे धरण बांधलं, खोऱ्यातली घरं-शेतं पाण्याखाली गेली. विथबर्नचं लहानसं चर्च तेवढं रस्त्याकडेला राहिलं. १८९४ पासून इथलं पाणी दीडशे किलोमीटरहून लांब मँचेस्टरला जातं, एकही पंप न लावता, निव्वळ उताराने. आमच्या ठाणे जिल्ह्यातलं, मुंबईच्या पाण्यासाठीचं तानसा धरण १८९२ चं. दोन वर्षांच्या अंतराने दोन कापडगिरण्यांच्या शहरांनी दोन डोंगरी खोऱ्यांतून पाणी नेलं. तानसाकाठी अशी वरच्या मजल्यावरची बस असती तर आपणही रविवारी गेलो असतो, असं ह्यांचं मत. तानसाकाठच्या लोकांना आधी नळ आला असता तर बरं, असं माझं.

डनमेल रेझची खिंड ओलांडली की खाली ग्रासमिअर. कवी वर्ड्सवर्थ इथे १७९९ ते १८०८ पर्यंत डव्ह कॉटेजमध्ये राहिले आणि चर्चच्या आवारात त्यांची साधी दगडी कबर आहे. १८४४ मध्ये विंडरमिअरपर्यंत रेल्वे आणायचं ठरलं तेव्हा याच वर्ड्सवर्थनी वर्तमानपत्रातून कडाडून विरोध केला. गर्दी येईल, शांतता जाईल म्हणून. रेल्वे १८४७ साली आलीच. गर्दीही आली, आणि ती बरीचशी त्यांचंच घर बघायला येते. त्या गर्दीत उभं राहून मला त्यांचं म्हणणं अगदीच चूक वाटेना, पण रेल्वे नसती तर मी तरी कुठे पोचणार होते? चर्चच्या फाटकाशी जुन्या शाळेच्या खोलीत आल्याच्या खुसखुशीत वड्यांचं दुकान आहे, १८५४ पासूनचं. सेरा नेल्सन या बाईने घरात कमवायची वेळ आली तेव्हा ते सुरू केलं. वडीला आल्याचा झणका चांगला आहे. आपल्या आलेपाकाची सवय असलेल्या माणसाने दोन पुड्या घ्याव्यात.

संध्याकाळी पुढच्या दिवसांचा अंदाज बघितला. मेट ऑफिस, म्हणजे तिथलं हवामान खातं, इथल्या डोंगरांसाठी वेगळा अंदाज देतं, माथ्यावर ढग किती, वारा किती, सगळं. शनिवार, रविवार, सोमवार तिन्ही स्वच्छ. आणि आम्ही शनिवारी परत निघणार!

फोनवर लेक म्हणाली, राहायचंच असेल तर एडिंबरा करा, पेनरिथहून दोन तासांच्या आत पोचाल. पुण्याहून नणंदेचाही तोच हट्ट. एवढ्या लांब गेलात आणि एडिंबरा नाही? हे डळमळले. मी वही काढली. मुक्काम हलवायचा म्हणजे सकाळी दहाला खोली सोडा, नवी खोली दुपारी तीनला मिळणार, मधल्या वेळात बॅगा घेऊन फिरा. जाण्यायेण्यात दोन अर्धे दिवस गेले, म्हणजे एक अख्खा गेला. गाडीवाले एका दिवसात चार तळी आणि दोन घाट उरकतात. बसवाल्याच्या वाट्याला दिवसाला एक खोरं येतं. म्हणून बसवाल्याने गावं वाढवण्यापेक्षा रात्री वाढवाव्यात. आहे त्याच गावात कुठली बस कुठे उभी राहते, कुठला ड्रायव्हर थांबतो आणि कुठला नाही, पाव कुठे ताजा मिळतो, हे सगळं आता कुठे कळायला लागलेलं असतं. ते टाकून नव्या गावात पुन्हा पहिलीपासून सुरू करायचं?

मालकीणबाईंकडे विचारलं. शनिवार-रविवारच्या दोन रात्री एकत्रच देतात, एकटा शनिवार देत नाहीत. ही अट तिकडे पुष्कळ ठिकाणी असते. आमच्याच खोलीचं शनिवारचं बुकिंग दुपारी रद्द झालं होतं. सोमवारपासून मात्र दुसरं कुणी येणार होतं. दोन रात्री घेतल्या. रविवारची शनिवारपेक्षा स्वस्त पडली. एडिंबऱ्याचा विषय त्या दराने मिटला.

शनिवार

ऊन. गावात बाजार भरलेला, मधोमध मूट हॉल. त्याच्या घड्याळाला एकच काटा आहे. बसच्या वेळा पाळणाऱ्या गावात हे घड्याळ कुणी ठेवलं कोण जाणे.

डरवेंटवॉटरवर लाँच फिरते. तळ्याला वळसा घालायला पन्नासेक मिनिटं लागतात. काठाकाठाने सात-आठ धक्के आहेत, हव्या त्या धक्क्यावर उतरा, चाला, पुढच्या धक्क्यावर पुन्हा चढा. लाँच दोन्ही दिशांनी फिरते हे लक्षात ठेवावं. उलट्या दिशेची पकडली तर दोन मिनिटांच्या जागी पाऊण तास पाण्यावर जातो. आम्ही हाय ब्रँडलहाउला उतरलो. कॅटबेल्स हा ४५१ मीटरचा लाडका डोंगर बरोबर डोक्यावर. त्याच्या शेंड्याखाली हात टेकत चढायच्या खडकाळ पायऱ्या आहेत. ह्यांच्या गुडघ्याने आधीच नकार कळवला होता, म्हणून पायथ्याच्या जंगलातून हॉज एंडच्या धक्क्यापर्यंतची वाट धरली.

या जंगलाची गोष्ट मला आवडली. केझिकच्या क्रॉस्थवेट चर्चचे पाद्री हार्डविक रॉन्स्ली हे नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू लोकांसाठी जपणाऱ्या संस्थेच्या, संस्थापकांपैकी एक. संस्था १८९५ ची. १९०२ मध्ये ब्रँडलहाउची ही जमीन विकायला निघाली तेव्हा घरं बांधली जाऊन लोकांची वाट बंद होईल म्हणून वर्गणी काढून ती विकत घेतली. लेक डिस्ट्रिक्टमधली ट्रस्टची ही पहिली जागा. शंभर वर्षं झाली तेव्हा २००२ मध्ये काठावर लाकडात कोरलेले दोन मोठे हात ठेवले, ओंजळीसारखे. मुलं त्या ओंजळीत बसून डबे खात होती. आम्ही शेजारच्या बाकावर दाण्याची चटणी आणि पाव.

हॉज एंडच्या वरच्या रस्त्यावर मात्र वेगळा देखावा. अर्ध्या डोंगरापर्यंत दोन्ही कडांना मोटारी लावलेल्या, मधून एक बिचारी बस आरसे मिटून जाऊ बघतेय, आणि एक गृहस्थ आपली गाडी गडग्यापासून किती बोटं लांब आहे ते बायकोला विचारत होते. बाईंनी उत्तर दिलं नाही. आम्ही धक्क्यावर येऊन पाण्यात पाय सोडून बसलो. लाँच वेळेवर आली.

रविवार

रविवारी बस कमी, आणि सगळ्या उशिरा सुरू होतात. मालकीणबाई म्हणाल्या, आज बसच्या मागे लागू नका, रेल्वेने जा.

म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेने. केझिकच्या जुन्या स्टेशनपासून थ्रेलकेल्डपर्यंत रुळांच्या जागी आता पाच किलोमीटरची चालायची आणि सायकलींची वाट आहे, ग्रेटा नदीच्या घळीतून. नदी वळते, वाट सरळ जाते, त्यामुळे दर थोड्या वेळाने पूल. आगगाडीला चढ सोसत नाही, तिच्यासाठी डोंगर कापून सपाटी केलेली असते; त्याचा फायदा दीडशे वर्षांनी आमच्या गुडघ्यांना झाला. डिसेंबर २०१५ च्या डेसमंड वादळात इथले दोन पूल वाहून गेले. ते पुन्हा बांधले, वर ए-६६ चा रस्ता करताना बुजवलेला एक बोगदाही उकरून मोकळा केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये वाट पुन्हा सुरू झाली. चाकाच्या खुर्चीतली माणसंही त्यावरून जात होती. बोगद्यात एका लहान मुलाने इंजिनाची शिट्टी काढली, आणि मग ह्यांनीही.

एक मात्र मनात आलं. केझिकच्या पलीकडे, बासेनथ्वेट तळ्याच्या काठाने, याच रेल्वेच्या जागेवर ए-६६ हा मोटारींचा रस्ता केला. रूळ उखडून रस्ता करायचा, मग रस्त्यावर गाड्या मावत नाहीत म्हणून लोकांना बसने या म्हणून पाट्या लावायच्या. हे शहाणपण आपल्याकडेच आहे असं मला वाटत होतं. थ्रेलकेल्डला पोचून ब्लेनकॅथ्राच्या पायथ्याशी सूप प्यालो आणि एक्स-फाइव्हने दहा-पंधरा मिनिटांत परत आलो.

वाढवलेल्या रात्रीचा खरा फायदा त्या संध्याकाळी झाला. शेवटच्या बस अंधार पडायच्या कितीतरी आधी संपतात. दूरच्या खोऱ्यात असलात तर सोन्यासारखा उजेड सोडून निघावं लागतं. पण केझिकपासून अडीच किलोमीटरवर, चालत जाण्यासारखं, कासलरिगचं दगडांचं वर्तुळ आहे. साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचं, अडतीसेक उभे दगड, तिकीट नाही, फाटकाला कुलूप नाही. दिवसा तिथे टूरच्या गाड्या रांगेने येतात. जेवण आटोपून नऊला पोचलो तर पाचसहा माणसं आणि मेंढ्या. चारी बाजूंना डोंगर: उत्तरेला स्किडॉ आणि ब्लेनकॅथ्रा, दक्षिणेला हेल्वेलिनच्या रांगा. स्टोनहेंजला आम्ही दोरीबाहेरून फिरलो होतो. इथे ह्यांनी एका दगडाला पाठ टेकून बुटातला खडा काढला. सूर्य दहाच्या सुमारास गेला. उतारावरून परत यायला बॅटरीची गरज पडली नाही.

सोमवार

सोमवारी खोली सोडायचीच होती, मग रात्र अशा गावी काढायची ठरवली जिथे जाणं हीच सहल. पेनरिथपर्यंत बस, तिथून आगगाडीने वीसेक मिनिटांत कार्लाइल, आणि कार्लाइलहून सेटलपर्यंत ती प्रसिद्ध रेल्वे.

११६ किलोमीटरचा हा मार्ग मिडलंड रेल्वे कंपनीने काढला तो स्पर्धेपोटी. स्कॉटलंडला जायला दुसऱ्यांचे रूळ वापरावे लागतात म्हणून स्वतःचे टाकायचे, तेही पेनाइन डोंगरांच्या कण्यावरून. १ मे १८७६ ला प्रवासी गाड्या सुरू झाल्या. चौदा बोगदे, वीसेक मोठे पूल. बांधणारे मजूर ओसाड माळावर झोपड्यांतून राहत. अपघातांत आणि देवीच्या साथीत इतके मेले की जवळच्या चॅपल-ली-डेलच्या लहानशा दफनभूमीला जागा वाढवावी लागली.

गाडी साधी, दोन-तीन डब्यांची. एक स्वयंसेवक आजोबा प्रवाशांना माहिती देत फिरत होते. त्यांच्या छातीवर या मार्गाच्या बिल्ल्यांची रांग. ह्यांचा सोमवार होता, त्यामुळे उपासाला चालेल असं काय मिळेल यावर आमची आपापसात चर्चा चालू होती. शेवटी सफरचंद आणि खारे बटाट्याचे काप. आजोबांनी उपासाचे नियम समजून घेतले आणि म्हणाले, बटाटा चालतो असा उपास मलाही जमेल.

ईडन नदीच्या हिरव्या खोऱ्यातून ॲपलबीपर्यंत शेतं, मग गाडी चढायला लागते, झाडं संपतात आणि उरतो तो गवताचा उघडा माळ. गार्सडेल स्टेशन आलं तेव्हा आजोबा आमच्यासमोर येऊन बसले. १९८० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेला हा मार्ग बंद करायचा होता. रिबलहेडच्या पुलाच्या दुरुस्तीचा खर्च पुढे केला, गाड्या कमी केल्या, मग प्रवासी कमी झाले म्हणून बोट दाखवलं. लोकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. त्यांत एक हरकत कुत्र्याच्या पंजाच्या ठशाची होती. रसवार्प नावाचा हा कुत्रा मालकाबरोबर तिकीट काढून प्रवास करायचा, म्हणून तो भाडं भरणारा प्रवासी धरला गेला आणि त्याचा ठसा ग्राह्य ठरला. ११ एप्रिल १९८९ ला सरकारने मार्ग चालू ठेवायचं जाहीर केलं.

पुढच्या जानेवारीत रसवार्पचे मालक ग्रॅहम नटल वेल्समधल्या डोंगरात त्याला घेऊन फिरायला गेले आणि परतले नाहीत. एप्रिलमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. अकरा आठवडे, हिवाळाभर, कुत्रा शेजारी बसून होता. तो इतका खंगला होता की त्याला उचलून खाली आणावं लागलं. मालकाच्या अंत्यविधीला तो हजर होता; त्यानंतर फार जगला नाही. २००९ मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा गार्सडेलच्या फलाटावर बसवला. हे सांगताना आजोबा खिडकीबाहेर बघत होते. ह्यांनी कापांची पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि मग डेंट येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

डेंट हे इंग्लंडच्या मुख्य रेल्वेजाळ्यातलं सगळ्यात उंचावरचं स्टेशन, ३५० मीटर. गाव तिथून सहा-सात किलोमीटर खाली आहे. त्यावरून तिथे जुने विनोद आहेत, आपल्याकडे 'रोड' लावलेल्या स्टेशनांवर असतात तसले. मग ब्ली मूरचा अडीच किलोमीटरचा बोगदा, आणि बाहेर पडल्याबरोबर रिबलहेड: २४ कमानी, चारशे मीटर लांब, ३२ मीटर उंच. गंमत अशी, की पुलावरून जाताना पूल दिसत नाही. दिसतो तो वळणावर, आपल्याच गाडीच्या शेपटाखाली, क्षणभर. म्हणून आम्ही रिबलहेडला उतरलो. बॅगा ओढत माळावरून कमानींच्या खाली गेलो, वारा इतका की ह्यांची टोपी दोनदा पळाली. पुढच्या गाडीला दोन तास होते. ते पुलाखाली बसून, एक मालगाडी वरून जाताना बघून आणि जिथे झोपड्या होत्या तिथले खड्डे-उंचवटे शोधून संपले.

सेटलला मुक्काम स्टेशनपासून पाच मिनिटांवर. गाडी नसणाऱ्याने खोली शोधताना नदीचा देखावा वगैरे बघू नये, स्टेशनचं अंतर बघावं.

मंगळवार

सेटलचा बाजार मंगळवारी भरतो, १२४९ च्या राजाज्ञेपासून. हे आधी माहीत असतं तर मी बढाई मारली असती की मुद्दाम साधला; तो आपोआप साधला गेला. भाजी, झाडांची रोपं, मासे, आणि एका टेबलावर वेन्सलीडेल चीजच्या चकत्या. लेकीसाठी अर्धा किलो घेतलं.

रिबल नदीच्या बंधाऱ्यावर गावकऱ्यांनी शेअर काढून वीज करायला एक प्रचंड लोखंडी मळसूत्र बसवलंय, २००९ पासून फिरतंय. ह्यांची वीज मंडळातली नोकरी जागी झाली आणि तिथून हलवायला मला अर्धा तास लागला. नदीत पाणी कमी असलं की ते बंद ठेवतात, माशांच्या वाटेला वेगळा जिना आहे, हे सगळं त्यांनी पाटीवरून वाचून मला समजावून सांगितलं. पाटी मराठीत असती तरी एवढी सविस्तर नसती.

सेटल ते लीड्स तासभर, लीड्सहून लंडन किंग्ज क्रॉस सव्वादोन तास. गाडीत ह्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. इतक्या दिवसांच्या सगळ्या बस आणि लाँच मिळून, जावयांनी सुचवलेल्या गाडीच्या एका दिवसाच्या भाड्याएवढ्याही झाल्या नव्हत्या; पेट्रोल आणि पार्किंग धरलंच नव्हतं. वाढीव रात्रींत सगळ्यात स्वस्त सेटलची. सगळ्यात महाग पडलं ते आजचं आयत्या वेळचं परतीचं तिकीट, रेलकार्डची सूट धरूनही. लेकीने विचारलं तर आधी चीज बाहेर काढायचं, असं पीटरबरोच्या आसपास ठरलं.